सोडलेली पानं

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी बुद्धाचा ग्रंथ वाचतात. वाचणारी मी. बायाइत दहावी शिकलेली एकटी मीच, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. तृष्णा सोडा, मन शांत ठेवा, असं सारं खड्या आवाजात वाचायचं, आन् घरी येऊन भांडे आदळायचे! बाया म्हणतात, "दीपमाला, तुह्या वाचनानं डोकं थंड होते वो." माझंच काहून होत नाही, काय माहीत.

या साली आमचे हे पण यायला लागले. गोविंदा नाव त्याइचं. आजवर त्याइची संध्याकाळ पानठेल्यावर जायची. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तसं त्याइनं घरात धड बोलणंच टाकलं. मंग एक दिवस विहारात येऊन मागं बसले, आन् थोड्याच दिवसात माणूस बदलला. शिव्या बंद. वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, भांडण झालेला भाऊ, रवी, उमरखेडले राह्यते. त्याच्याकडे जाऊन गळ्यात पडून आले. बोंड फोडलं, आत अळी वळवळून राह्यली, आन् हे हसून म्हणतात, "जाऊ दे, आपलं बरं हाये."

बरं हाये? काय बरं हाये, कपाळ!

खूश व्हावं का रडावं, मले समजेना. शेजारच्या लीलाबाईपाशी बोलली. तिचा नवरा मागच्या साली फवारणीचं औषध पेला.  ती म्हणे, "माह्या घरचेही शेवटी असेच शांत झालते, दीपा. पोराइले जिलेबी आणली होती. मले वाटलं, सुधारले."

मी तशीच उठली. घरी जाऊन औषधाचा डबा उकिरड्यात खोल पुरून टाकला. पण ग्रंथाचं काय करू? त्याच संध्याकाळी राजपुत्र बायको-लेकरू सोडून घरून निघते, ते वाचायचं होतं. मागं हे बसलेले. ऐकून त्याइच्या मनात काही आलं तं?  तीन-चार पानं एकदमच उलटली आन् पुढचं वाचलं.

पण बायाइले ग्रंथ पाठ! रुखमाबाई म्हातारी म्हणालीच, "काय वो, राजपुत्र महालातून डायरेक्ट झाडाखालीच बसला का?" सारे हसले. हे हसले नाहीत.

घरी जाताना हे रस्त्यातच थांबले.

"पानं काहून सोडली तू?"

"तुमी मले सोडून जाल म्हणून!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "लीलाबाईच्या नवऱ्यासारखं! एवढे शांत कायले झाले तुमी? सांगा न!" भर रस्त्यात मले रडू फुटलं.

त्याइनं मले रस्त्याच्या कडेले घेतलं.

"मी कायचा शांत? मले तं अर्धं समजतही नाही. आलं होतं मनात, खोटं कायले सांगू. पण तू रोज मधातच बंद करतं. मंग दिवसभर वावरात डोक्यात तेच, आता पुढं काय झालं असंन? दिवस निघून जाते. आन् तू पानंच गायब करतं!" आवाज चढला त्याइचा. "त्याच्या बायकोचं काय झालं? तिले सांगून गेला का तो?"

मले राग येऊन राह्यला होता का आनंद झालता, अजूनही सांगता येत नाही. म्हटलं, "ऐका, आत्ताच सांगते..."

"नको, नको!" त्याइनं हात वर केला. "उद्या वाच. मले उद्याच पाह्यजे."

मी त्याइचा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. गावानं पाह्यलं तं पाह्यलं.