पिवळ्या चौकोनातली वत्सला

कार्तिकातलं कोवळं, केशरी ऊन कृष्णेच्या संथ पाण्यावर उतरलं होतं. पांडवगडाच्या माथ्यावरचं धुकं विरत होतं, विरता विरता निळं होत होतं. वाईतल्या एका घराच्या मागच्या ओसरीवर वत्सलाबाई केस मोकळे सोडून बसल्या होत्या. नुकतेच न्हालेले, रिठ्याच्या वासाचे, कमरेखाली ओघळलेले रजतवर्णी केस.

सोमवारी त्यांचं औषध सुरू व्हायचं होतं. त्या औषधानं हे केस जातील, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. सकाळी चहा ओतता ओतता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "केस आहेत तोवर एक फोटो काढा माझा."

सदानंदरावांनी कप खाली ठेवला आणि कपाटातला कॅमेरा काढला. त्या जुन्या, काळ्या चामड्याच्या, विटेसारख्या जड कॅमेऱ्यानं त्यांनी अवघा सह्याद्री टिपला होता. मेघमंडित शिखरं टिपली, शेवाळलेली शिल्पं टिपली, परक्यांच्या लेकींची लग्नं टिपली. घरचं माणूस तेवढं राहून गेलं. चाळीस वर्षं राहून गेलं, आणि आज त्यांना त्याची फार लाज वाटली.

आतल्या रोलवर पाचच फोटो उरले होते. आता वाईत नवा रोल कुठला मिळायला!

त्यांनी कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीला डोळा लावला. मधोमध तो फिकट पिवळा चौकोन, आणि चौकोनात दोन वत्सला; एक ठसठशीत, एक धूसर. लेन्सचं कडं बोटानं हळूहळू फिरवलं, तशी धूसर वत्सला सरकत आली आणि दुसरीत मिसळून गेली; फोकस जुळला. कळ दाबली. चुटकीएवढा आवाज झाला. अंगठ्यानं खटका ओढला, फिल्म पुढे गेली.

पुन्हा दोन, पुन्हा एक. कानाच्या पाळीमागे एक तीळ होता. तो कधीपासून होता? हनुवटीवर एक पुसट खळी होती, वयानं अधिक गहिरी झालेली. दुसरा फोटो झाला, तिसरा झाला. ते बघत राहिले, तहानलेल्यासारखे बघत राहिले. चौथा झाला.

"अहो," वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या, "आता झाकण काढा."

लेन्सवर काळं झाकण तसंच होतं. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. खिडकीत सगळं लख्ख दिसत होतं आणि फिल्मवर चारही वेळा निव्वळ काळोख गेला होता.

"अगं, आधी नाही का सांगायचं?"

"सांगणार होते. पण तुम्ही इतकं बघत होतात. लग्नापासून असं कधी बघितलं नव्हतंत. म्हटलं, बघू दे. एक शिल्लक आहे ना."

सदानंदरावांनी झाकण काढलं, पुन्हा डोळा लावला. पण चौकोनातल्या दोघी काही केल्या जुळेनात. कडं पुढे गेलं, मागे आलं; त्या थरथरत राहिल्या, पाण्यात उभ्या असल्यासारख्या. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

वत्सलाबाई थांबल्या होत्या. वारा केसांतून जात होता, येत होता. दोघी हळूहळू जवळ आल्या, अगदी जवळ आल्या, एक झाल्या. तरी ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले, आणि त्या बघू देत राहिल्या.

मग बोट आपसूक खाली गेलं, आतला पडदा पापणीसारखा उघडला, मिटला. आणि वत्सला, मोकळ्या केसांनिशी, आत गेली.