कारण सांगता येत नाही

बाई मानसशास्त्राच्या संशोधक. लोकांच्या घरी जायचं, तासभर कोपऱ्यात बसायचं आणि घरातलं लहान मूल किती शब्द बोलतं ते टिपायचं, हे त्यांचं काम. मध्ये तोंड उघडायचं नाही, हा नियम. जमेची बाजू अशी, की प्रयोगशाळेत बुजणारं पोर घरी खरं दिसतं. उणी बाजूही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली होती: बाहेर काम करणाऱ्या आयांची मुलं कमी बोलताना आढळली, पण ती आईच्या कामामुळेच, असं म्हणता येत नाही.

वर्तमानपत्राने ‘पण’च्या आधीचं छापलं. नंतरच्या जागेत गादीची जाहिरात आली.

त्या जाहिरातीसकट कात्रण बाईंच्या टेबलावर आलं. आणणारी होती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासणारी एक बाई. तिचा मुलगा या पाहणीत होता. साडेतीन वर्षांचा, जवळजवळ मुका. सोबत नणंद होती, घरचा सगळा हिशेब आपल्याच डोक्यात आहे असं समजणारी.

“माझ्यामुळे झालं का, तेवढंच सांगा,” काचवाली म्हणाली.

“तसं म्हणता येत नाही.”

“मग तिच्यामुळे नाही झालं, असं म्हणता येतं?” नणंदेने विचारलं.

“तसंही नाही.”

“वा! दोन्ही दारांना कडी!”

बाईंनी समजावलं. कामावर जाणाऱ्या कितीतरी आयांची पोरं चुरूचुरू बोलतात.

“ती लोकांची. आमच्याचं बोला.”

“एकाचं यातून सांगता येत नाही हो. खात्री हवी तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या आयांना कामावर धाडायचं, निम्म्यांना घरी बसवायचं. माणसांशी असं कोण वागेल?”

“वागायचं होतं की,” काचवाली हळूच म्हणाली. “दोष चिठ्ठीचा झाला असता.”

‘तुमचा दोष नाही’ हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. पुरावा नव्हता, म्हणून त्यांनी ते गिळले.

“बघ वहिनी, नाही म्हणाल्या का त्या?” नणंद उठली. “चल.”

पुढच्या वर्षीच्या फेरीत बाई त्या घरी गेल्या. काचवालीने काम केव्हाच सोडलं होतं. तिच्या जागी दुसरी लागली होती. काचवाली पोरासमोर मांडी घालून बसली होती आणि घसा बसेपर्यंत बोलत होती. “हा चमचा. हा कप. हे बघ, झाकण.” पोर खिडकीच्या गजाला बोट घासत होतं.

बाईंनी ‘आई घरी’ या रकान्यात खूण केली आणि त्यांचा हात थबकला. या फेरीतलं असं हे पहिलंच घर नव्हतं. पोर बोलत नाही म्हणून आया घरी बसल्या होत्या. आकडे मात्र सांगणार होते, की घरी बसलेल्या आयांची पोरं कमी बोलतात. छापणारे तयारच होते.

“बाई, यंदा काय निघतंय?” काचवालीने वळून विचारलं. “परत जाऊ का कामावर? घेतील का मला?”

तास संपायला अवकाश होता. नियमाप्रमाणे बाईंनी नजर वहीत ठेवली.

काचवालीने पोराची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. “बोल ना रे राजा. काहीही बोल. बाई लिहितायत.”

पोराने डोळे मिटून घेतले. बाईंनी शून्य लिहिलं.