कोळशासाठी बोलावलेला माणूस

सासूबाईंनी रविवारी मुलाच्या मोठ्या साहेबांना सपत्नीक जेवायला बोलावलं होतं. घरामागच्या अंगणात कोळशाची शेगडी मांडून मक्याची कणसं आणि कोंबडी भाजायचा बेत होता. सुनेच्या वडिलांनाही बोलावणं गेलं, पण एका अटीवर. कुणी विचारलंच, तर ‘कपड्यांच्या धंद्यात आहे’ एवढंच म्हणायचं. त्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षं ते कोळशाच्या इस्त्रीने लोकांचे कपडे कडक करत आले होते.

साहेब येऊन बसले आणि नवऱ्याच्या लक्षात आलं, की कोळसा पेटवायच्या द्रवाची बाटली रिकामी आहे. त्याने पुठ्ठे जाळले, फुंकर मारून मारून डोळे लाल केले. अर्धी काडेपेटी संपली, पण धुराशिवाय काही निघेना. साहेबांच्या बायकोने नाकाला रुमाल लावला. सासूबाई सुनेकडे अशा बघत होत्या, जणू धूर तिच्याच माहेरून आला होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर वडील गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांना ते बघवेना. उठून त्यांनी स्वयंपाकघरातून तेलाचा रिकामा डबा आणला, त्याची दोन्ही तोंडं कापली, खालच्या कडेला भोकं पाडली. डबा शेगडीत उभा करून तळाशी गोडेतेलाचा हात लावलेले कागदाचे बोळे घातले, वर कोळसा भरला आणि भोकातून काडी लावली.

“आता कुणी हात लावू नका,” ते म्हणाले. “हवा आपोआप वर ओढली जाते.”

पाव तासात वरच्या कोळशांवर राखाडी साय धरली. त्यांनी चिमट्याने डबा उचलला, तसे लालबुंद निखारे शेगडीभर पसरले.

“वा, हात बसलाय हो तुमचा,” साहेब म्हणाले आणि नवऱ्याकडे वळले. “पाहुणे का हे तुमचे?”

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. सासूबाईंनीही. वडीलही तिच्याकडेच बघत होते, थोडेसे हसत. त्यांच्या शर्टाची बाही काळी झाली होती.

“नाही,” ती म्हणाली. “कोळशासाठी बोलावलंय यांना.”

वडिलांचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी बाह्या दुमडल्या.

“मग भाजायलाही यांनाच राहू दे की,” साहेब म्हणाले.

दोन तास ते शेगडीपाशी उभे होते. खुर्ची साहेबांच्या ड्रायव्हरला दिली गेली. ती ताट घेऊन गेली तेव्हा त्यांनी विचारलं, “नीट भाजलंय ना, बाईसाहेब?”

आवाजात टोमणा असेल म्हणून तिने कान दिला. नव्हता. टोमणा असता, तर तिला रागावता तरी आलं असतं. मागे सगळे ऐकत होते.

“कच्चं आहे,” ती म्हणाली. “पुन्हा टाका.”

कोंबडी चांगली शिजली होती. त्यांनी ती पुन्हा निखाऱ्यावर ठेवली.

पाहुणे गेल्यावर ती झाकलेलं ताट घेऊन मागच्या नळावर गेली. ते हात धूत होते.

“बाबा, जेवून घ्या.”

“हळू बोल,” ते म्हणाले. “कुणी ऐकेल.”

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. “वेळ छान निभावून नेलीस हो,” त्या सुनेला म्हणाल्या. “साहेब पुढच्या रविवारीही येणार म्हणतात. यांनाच सांगून ठेव.”

वडिलांनी ओले हात पँटला पुसले आणि लेकीकडे वळून विचारलं, “किती वाजता येऊ?”

सासूबाई दारातून हलल्या नाहीत.

“अकराला,” ती म्हणाली. “मागच्या दाराने या.”