उसवलेला पोपट

“उसव ते. चुकलंय.”

एवढंच म्हणाली होती शालनमावशी. तीस वर्षं झाली, पण तो आवाज पवित्राच्या कानातनं काही गेला नाही. निपाणीच्या घरी, खिडकीच्या उजेडात, अकरा वर्षांच्या पवित्रानं पहिला पोपट काढला होता, तांबड्या रेशमाचा. मावशीनं तो सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि खाली ठेवला. कुठं चुकलंय ते तिनं सांगितलं नाही. पोरीनंही विचारलं नाही. मुकाट्यानं बसून चोच, पंख, शेपूट, सगळं उसवलं.

कसूतीची, म्हणजे त्या कर्नाटकी भरतकामाची, रीतच तशी कडक. गाठ मारायची नाही. दोरा एक घर सोडत, एक घर भरत पुढं जातो, आणि त्याच वाटेनं परतताना सोडलेली घरं भरत येतो. निघाला तिथंच पोचला तर खरा. मग कापड उलटं धरा की सुलटं, चित्र एकच. शिकवताना मावशी गुणगुणायची:

दोरा चालला सासरी, एक घर सोडीत गं
येतो माघारी माहेरा, रिती घरं भरीत गं

मोठेपणी पवित्राला नोकरी लागली तीही चुका शोधायची. बोम्मसंद्र्यातल्या शर्टांच्या कारखान्यात ती चेकर होती. शर्ट उलटा करायचा, चूक दिसली की तिथं बाणाचा तांबडा स्टिकर चिकटवायचा. तिच्या हातून एक टाका सुटत नसे. सुपरवायझर म्हणायचा, “अक्का, तुम्ही स्वर्गात गेलात तरी इंद्राच्या कॉलरला बाण लावाल.”

तिच्या ब्लाउजच्या बाहीवरची कसूती एकदा कारखान्यात आलेल्या रंजिता मॅडमनी पाहिली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला त्यांचा स्टुडिओ, कापडावर नवे नमुने काढणाऱ्या बायका त्या शोधत होत्या. “जुने नमुने सगळ्यांकडं आहेत,” त्या म्हणाल्या, “तुमचं स्वतःचं काहीतरी आणा. सोमवारी सकाळी मी निवड करणार आहे. नंतर नाही.”

स्वतःचं म्हणजे काय? आठ दिवस पवित्रा कोऱ्या कापडासमोर बसली. हत्ती सुचला, तो मावशीचा. तुळशीवृंदावन सुचलं, ते मावशीच्या आईचं. मग गुरुवारी गल्लीत पाण्याचा टँकर आला. बाया घागरी घेऊन धावल्या, कुणी पाइप धरला, कुणी चाकाला पाय लावून उभी राहिली, आणि पवित्राच्या बोटांना मुंग्या आल्या. जुन्या बायकांच्या दारावरनं रथ गेला, त्यांनी रथ काढला. तिच्या दारावरनं हा टँकर जात होता.

तिचा नवरा, कृष्णात, हसला. “लोक पदरावर मोर नेसतात, तू टँकर नेसव. मागनं पाइपपण सोड.”

पाइप तिनं सोडलाच. पण रविवारी दुपारपर्यंत टँकर तीनदा उभा राहिला आणि तीनदा उसवला गेला. पहिल्यांदा चाकाचं एक घर जास्त झालं होतं. दुसऱ्यांदा घागरी तिरक्या वाटल्या. तिसऱ्यांदा तर नीट कारणही नव्हतं, नुसता कानात तो आवाज. कापड आता चाळणीसारखं विरलं होतं. तसलं दुसरं घरात नव्हतं. आणखी एकदा उसवलं तर फाटणारच.

चौथा टँकर आत्ताच पुरा झाला होता. दोरा घरी पोचला होता. तरी पर्समधले स्टिकर काढून पवित्रा एकेक बाण लावत गेली. चाकाला दोन, नळाला एक, घागरींना पाच, पाइपला तीन. अकरा बाण झाले. मग तिनं कात्री उचलली.

खिडकीपाशी मावशी बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती महिनाभर इथंच होती. दिसायला अजून धूसर, पण कान तिखट.

“काय करालीस गं?”

“उसवतोय.”

“का? कुठं चुकलंय?”

“ते कळंना झालंय.”

“इकडं आण.”

मावशीनं कापड मांडीवर घेतलं. बोटं फिरवली आणि थांबली. “हे काय खवलं लावलीस माशासारखी?”

“चुका हायत तिथं बाण लावलेत.”

“एवढ्या? मग काढ एकेक, आणि कुठली चूक ते मला सांग. मला काय दिसत न्हाई, तूच सांग.”

पवित्रानं पहिला बाण काढला. खालचा टाका पाहिला. सरळ होता. दुसरा काढला. तिसरा. नळाजवळ एक टाका जरा सैल होता, तो तिनं सांगितला. “तो पाण्याचाच जोर असंल,” मावशी म्हणाली, “पुढं चल.” अकरावा बाण निघाला, तेव्हा पवित्राच्या बोटांवर तांबडे स्टिकर चिकटले होते.

“सापडत न्हाई, म्हणूनच भ्या वाटतंय मावशी,” ती म्हणाली. “तुला चूक दिसायची गं. मला कधीच दिसली न्हाई. त्या पोपटातली चूक मी अजून हुडकतोय. उद्या त्या बाईंनी कापड उलटं केलं आणि त्यांना ती दिसली, तर?”

मावशीची बोटं टँकरच्या चाकावरनं फिरत राहिली, एक घर, दुसरं घर. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. मावशीनं चाचपून कात्री घेतली आणि आपल्या मांडीखाली सरकवली.

“तवा पाटलीणबाईंच्या सुनेची चंद्रकळा भरायला होती माझ्याकडं,” ती म्हणाली. “संक्रांत दुसऱ्या दिवशी. पदर पुरा व्हायला इतकुसं राहिलं आणि तांबडं रेशीम संपलं. दुकानं बंद. घरात तेवढा रंग तुझ्या पोपटातच होता.”

पवित्रा बोटांवरचे स्टिकर एकेक सोलून काढू लागली.

“तू झोपल्यावर तो दोरा ओला करून ताणला आणि पदरात घातला. पोरीकडं मागायची लाज वाटली मला.” मावशीनं चष्मा काढला. “त्या पोपटात चूक नव्हती गं. मला दोरा पाहिजे होता.”