चिमट्याचा पासवर्ड

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा तो फोरम ताईने अकरा वर्षं चालवला होता, तोही दुकानाच्या काउंटरवरून, एका डोळ्याला भिंग लावून. आता त्याचं सॉफ्टवेअर म्हातारं झालं होतं, नवं निवडायचं होतं. धाकटी बहीण ऑफिसात हीच कामं करायची. तिने तीन सॉफ्टवेअरं शोधून आणली. कोणतं पळतं, कोणतं फोनवर नीट दिसतं, सगळं तोंडपाठ.

ताईचा प्रश्न एकच. "जुने पासवर्ड चालतील ना?"

"फक्त तिसऱ्यात. आणि ती बैलगाडी आहे, ताई. बाकी दोन्हींत ईमेलवर लिंक जाते, नवा पासवर्ड करायचा. लोकांना त्यात काय जड आहे?"

लोकांना नव्हतंच. जड जाणार होतं एकालाच, आणि तो सहा वर्षं फिरकला नव्हता. फोरमवर त्याचं नाव चिमटा. रोज ताईची कळ काढायचा: "बाई, घड्याळाला तेल देताय की न्हाऊ घालताय?" शेवटचं लिहिलं ते, "लोलक मिळाला की फोटो टाकतो." मग त्याचा कारखाना बंद पडला, आणि ईमेल होता कारखान्याचाच. लिंक जाणार कुठे? कुलपाला.

"तिसरंच घेऊ," ताई म्हणाली. "साधं आहे."

"साधं? दोनशे चाळीस माणसं रोज खोळंबणार! कुणापायी, ते मला कळत नाही असं समजू नकोस."

ताईने डोळ्याचं भिंग काढलं नाही. ते सोयीचं होतं.

"बरं, ऐक," बहीण नरमली. "फोनवर देखणं दिसतं तेच घे. चिमट्याच्या खात्याला तुझा ईमेल लावते. तो आत यायला बघेल, तेव्हा पत्र तुला येईल. मग तू उघड दार."

ताईने मान डोलावली, जणू बहिणीवर उपकारच.

फोरम हलला, सभासद खूश झाले. ताई मात्र दुकानाच्या शटरआधी ईमेल उघडू लागली.

सोळाव्या दिवशी भर दुपारी पत्र आलं: "चिमटा, पासवर्ड विसरलात का?" चिमटीतला स्क्रू कुठे उडाला, कळलं नाही. ताईने आधी केस सारखे केले, मग बहिणीला फोन लावला.

"अगं, ते बटण मीच दाबलं! चालतंय का बघत होते. आलं ना?"

ताई गुडघे टेकून काउंटरखाली स्क्रू शोधू लागली.

"चालतंय," ती म्हणाली. "आता परत दाबू नकोस."