फाळाच्या साच्यात मीठ

समजा, तुमच्या हातात मूठभर ओलसर वाळू आहे. समुद्रावरची नाही, बारीक, काळपट, जळक्या वासाची. ती मुठीत घट्ट दाबा. आता मूठ उघडा. तळहातावर तुमच्या बोटांचे ठसे उमटलेला गोळा दिसेल. तो मधोमध मोडा. कडा स्वच्छ राहिल्या तर वाळू तयार आहे. भुगा झाला तर ती कोरडी आहे. बोटांना चिकटली तर ओली आहे, आणि ओली वाळू ओतकामाच्या कारखान्यात कुणालाच नको असते. का, ते पुढे कळेल. घाई नको.

आता पेटीत ही वाळू भरा आणि तिच्यात लाकडाचा एक फाळ दाबा. फाळ म्हणजे नांगराचं ते टोक, जे जमिनीत घुसतं. वाळू ठोकून बसवा आणि लाकूड अलगद काढून घ्या. आत फाळाच्या आकाराची रिकामी जागा राहील. वितळलेलं पोलाद तिच्यात ओतायचं, की झाला पोलादाचा फाळ. फक्त एक अडचण आहे. फाळाच्या मागच्या बाजूला पोकळ खोबण लागते, नांगराचं लाकूड तिच्यात बसतं. पोलादाला ते कसं कळणार? ते सगळंच भरून टाकेल. म्हणून वाळूचाच एक ठोकळा करायचा, उसाच्या मळीत कालवून, शेकून, विटेसारखा कडक केलेला, आणि तो साच्याच्या आत ठेवून द्यायचा. पोलाद त्याच्याभोवती फिरतं, आत शिरत नाही. या ठोकळ्याला कारखान्यात कोर म्हणतात.

करावे गावची पुतळा हे कोर करायची.

आज जिथे सीवूड्सचं स्टेशन आहे, तिथे तेव्हा खाडीचं पाणी यायचं. पुतळाच्या सासरचं मिठागर होतं. नवं शहर वसवायचं म्हणून ते गेलं, नवरा त्याआधीच गेला होता. शिरवण्याच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या एका कारखान्यात तिचा भाऊ सदू लागला, आणि त्याच्या ओळखीने तीही लागली. तिला एकच मुलगी, गोजरा. वय अकरा. शाळा सुटली की गोजरा मामाचा आणि आईचा डबा घेऊन कारखान्यात जायची आणि आईच्या शेजारी बसून लहान लहान कोर करून बघायची. बायका हसायच्या. एकदा तिने कोरचा मासा केला होता. पुतळाने तोही शेकून दिला.

साचेखात्यावर दिनानाथ मिस्त्री होता. काम येणारा माणूस, यात शंका नाही. पण मोठ्यांपुढे वाकण्याची आणि लहानांना वाकवण्याची त्याला एकसारखीच हौस होती. एक दिवस तो पुतळाला म्हणाला, "काय गं, तुमच्या खाडीत जिताडा मिळतो ना? शेठला लई आवडतो. उद्या एक मोठा घेऊन ये."

जिताडा हा खाडीतला राजा मासा. पुतळाने दिरामागे लागून हातभर लांबीचा जिताडा आणला. दिनानाथने त्याला मीठ-मसाला लावला, केळीच्या पानात गुंडाळला आणि कोर शेकायच्या भट्टीत ठेवला.

"मिस्त्री, आत कोर हायत," पुतळा म्हणाली.

"असू दे. तुझे कोर काय मासा खातात?"

आता लक्ष द्या. कोरची भट्टी एकदा बंद केली की उघडायची नसते. आतली ऊब सगळीकडून सारखी लागली, तर कोर गाभ्यापर्यंत सुकतो. दिनानाथने मासा झाला का बघायला दार उघडलं. मग उलटायला उघडलं. मग शेठचा ड्रायव्हर वास घेत आला, त्याला दाखवायला उघडलं. मासा झकास झाला. कोर वरून तांबूस, आतून कच्चे राहिले.

पुतळाने ते बाजूला काढले होते. "हे परत शेकायला पायजेत," ती म्हणाली. "टेन्शन नको घेऊ," दिनानाथ म्हणाला, आणि ते साच्यांत बसवून मोकळा झाला.

कच्च्या कोरवर पोलाद पडलं की कोरमधली वाफ पोलादात घुसते. फाळ निघाले ते जाळीसारखे, आत सगळी भोकं.

या कारखान्यात एक रिवाज होता. ज्याच्या हाताने काम बिघडलं, त्यानेच ते सगळ्यांसमोर घणाने फोडायचं आणि भंगारात टाकायचं. शेठ खाली आले, फाळ पाहिले, आणि म्हणाले, "कुणाचं काम?"

"कोर कच्चे होते, शेठ," दिनानाथ म्हणाला. "खाडीतल्या बाया. यांचे हात कायमचेच ओले."

लोक हसले. सदू हसला नाही, पेटीतली वाळू सारखी करत राहिला. पुतळाने तोंड उघडलं, "मिस्त्रीनी भट्टीत जिताडा..." तेवढ्यात दिनानाथने घण उचलून तिच्या पायांपाशी टाकला. "मासे घरी भाज, बाई. इथं फाळ होतात. चल, फोड."

पुतळाने घण उचलला. तो तिला पेलत नव्हता. पहिला घाव जमिनीवर बसला, तेव्हा परत हशा झाला. गोजरा रिकामे डबे पोटाशी धरून दाराशी उभी होती. शेवटचा फाळ फुटेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. त्या संध्याकाळी पुतळाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

 घरी आल्यावर तिने चूल पेटवली, आणि तिची बोटं भाकरी थापायला उघडत नाहीत हे गोजराने पाहिलं. तेव्हाच गोजराने ठरवलं. तिला दिनानाथला मारायचं नव्हतं, रडवायचंही नव्हतं. तिला त्याच्या हातात तो घण बघायचा होता. सगळ्यांसमोर. शेठसमोर. आणि त्याचा पहिला घावही जमिनीवर बसायला हवा होता.

राग असा धरून ठेवणं सोपं नसतं, बरं का. मोठ्या माणसांचा राग दुसऱ्या कामात विरघळतो. गोजराने तो जपून ठेवला. ती रोज मामाचा डबा घेऊन जायची, दिनानाथ दिसला की "नमस्ते मिस्त्री" म्हणायची. "आई काय करते गं, मासे विकते का?" तो विचारायचा. "व्हय," ती म्हणायची. आणि बघायची, कोणती पेटी कुठे ठेवतात, जेवायच्या सुट्टीत कोण कुठे बसतं.

गणपती गेले. हवा कोंदट होती, दोरीवरचे कपडे सुकत नव्हते. एक दिवस मामा जेवता जेवता म्हणाला, "परवा मजा हाय. नगरकडचे दोन व्यापारी येनार हायत. त्यांच्यासमोर नव्या फाळाचं ओतकाम. साचे उद्या मिस्त्री सोता करनार. हात लावू देत नाय कोनाला."

"किती साचे?" गोजराने विचारलं.

"दोनच. नमुन्यापुरते."

मिठागरात वाढलेल्या मुलीला मिठाबद्दल एक गोष्ट माहीत असते, जी तुम्हाला बरणीतलं पांढरंशुभ्र मीठ खाऊन कळणार नाही. मिठागराच्या तळाला जे शेवटचं काळपट, कडू मीठ उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं. गोणी कितीही कोरड्या जागी ठेवा, सकाळी तिच्याखाली ओल असते. पुतळाच्या घरामागे अजून तशी एक गोणी पडून होती. गोजराने त्यातलं मीठ वरवंट्याने बारीक वाटलं आणि डब्याच्या सर्वांत खालच्या खणात भरलं. वरच्या खणांत मामाची भाकरी आणि सुकटीची चटणी.

साचा करताना लाकडी फाळाला लागून जी वाळू भरतात, ती सगळ्यांत बारीक चाळलेली असते. दिनानाथने ती दोन घमेल्यांत काढून ठेवली होती, एका साच्याला एक. दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेला तेव्हा गोजरा आत शिरली. पहिल्या घमेल्यात तिने मीठ ओतलं आणि कोपरापर्यंत हात घालून कालवलं. दुसऱ्याकडे वळली, तोवर बाहेर नळावर कुणी हात धुवायला आलं. ती डबा वाजू न देता निघाली.

दुपारी दिनानाथने साचे केले. सुबक, एकही कड न ढळलेले. वरून शेगडीची धग देऊन सुकवले, झाकले, शेजारी शेजारी मांडले. डावीकडच्या साच्यात मीठ होतं. रात्रभर ते आपलं काम करत राहिलं.

ओतकामाच्या दिवशी गोजरा डबा घेऊन आली ती लवकरच आली. साच्यांपुढे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. शेठ, धोतर नेसलेले दोन व्यापारी, आणि त्यांच्या मागे उभा, धुतलेला शर्ट घातलेला दिनानाथ. भट्टीत पोलाद तयार होत होतं. गोजरा खांबाला टेकून उभी राहिली.  आज फाळ निघणार, भोकाभोकांचा, आणि शेठ विचारणार, कुणाचं काम?

सदू मामा तिच्याजवळ आला. त्याच्या हातात जाड चामड्याचे हातमोजे होते. रोज वरच्या रुळावरून साखळीला टांगलेली लाडल, म्हणजे पोलाद ओतायची ती मोठी बादली, साच्यापर्यंत ढकलत न्यायचं काम गोटीराम करायचा.

"मामा, आज तू?"

"गोटीरामला ताप हाय. मीच ओतनार." तो खूश होता. "बघ आज तुझ्या मामाची ऐट."

"मामा, साचा ओला असला तर फाळाला भोकं पडतात ना?"

"कोर कच्चा असला तर भोकं. पन साचाच ओला असला, तर पोलाद आत राहत नाय, बाय. आत पान्याची वाफ होते नि पोलाद उलटं वर येतं. थुंकल्यासारखं. ओतनाऱ्याच्या तोंडावर." त्याने हसून मानेवरचा जुना डाग दाखवला. "हा प्रसाद वाटीभर पोलादाचा. एवढ्या लाडलीचा असता तर मी नसतो." आणि तो गेला.

गोजरा तशीच उभी राहिली. तिने दिनानाथकडे पाहिलं. तो साच्यांपासून लांब, शेठच्या खुर्चीमागे, हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या अंगावर थेंबही उडणार नव्हता.

भट्टी वाकली. लाडल भरली. पोलाद ओततात तेव्हा त्याच्याकडे नीट बघता येत नाही, डोळ्यांत पाणी येतं. सदू ती बादली रुळावरून हळूहळू पुढे आणू लागला. सगळ्यांची तोंडं नारिंगी झाली. एक व्यापारी उपरणं नाकाला लावून मागे सरकला.

"डावीकडचा आधी घे," दिनानाथ म्हणाला.

लाडल साच्यापासून चार हात लांब असताना गोजरा धावली. कुणाला वाटलं पोर चेकाळली, कुणाला वाटलं ती मामाकडे चालली आहे. ती डावीकडच्या पेटीवर चढली आणि मधोमध दोन्ही पायांनी उडी मारली. वाळू खचली. ती गुडघ्यापर्यंत आत गेली, आणि दिनानाथचा नवा फाळ, जो अजून फक्त एक रिकामी जागा होता, तिच्या पायांखाली बुजला.

"थांब, सदू," शेठ ओरडले. सदूने साखळी धरली.

दिनानाथने तिला दंडाला धरून बाहेर खेचलं. "काय केलंस हे, कार्टे? वेड लागलं काय?"

"साच्यात मीठ हाय," गोजरा म्हणाली.  "मी टाकलं. मामाच्या तोंडावर उडालं असतं. मला म्हाईत नव्हतं."

"मीठ? का टाकलंस?" शेठने विचारलं.

"मिस्त्रीनी कोरच्या भट्टीत जिताडा भाजला. तुमच्यासाठी. सारखं दार उघडलं. कोर त्यामुळं कच्चे ऱ्हायले. फाळ फोडायचे यांनी, फोडले माझ्या आयेनं."

दोघांपैकी म्हातारा व्यापारी शेठकडे वळला. "मासा तरी नीट भाजला होता का?" दुसरा फस्कन हसला. शेठ हसले नाहीत. त्यांना त्या माशाची चव आठवत असावी. त्यांनी वाळूतलं एक ढेकूळ उचलून मुठीत दाबलं. ते बोटांना चिकटून राहिलं. मग त्यांनी दिनानाथकडे पाहिलं, नंतर लाडलीकडे. पोलाद वरून काळवंडू लागलं होतं. पाहुणे बसले होते.

"हे नंतर बघू," शेठ म्हणाले. "पोलाद थंड होतंय. दुसऱ्यात कुणी काही टाकलंय का?"

"नाय," गोजरा म्हणाली. ते खरं होतं.

दिनानाथच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्याने शर्टाला लागलेली वाळू झटकली. "तो अगदी पास आहे, शेठ. एकच फाळ दाखवू, पण असा दाखवू की मंडळी दहा हजारांची ऑर्डर देऊन जातील. लहान पोरांच्या बोलण्याचं काय घेऊन बसलात. यांच्या घरात सगळ्यांनाच भट्टीत मासे दिसतात." दोघे-तिघे त्याच्यासाठी हसले. तो गोजराकडे वाकला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता बघ. आणि आईला जाऊन सांग, कसा झाला ते."

त्याने तिचा दंड सोडला आणि सदूला हाताने खूण केली. लाडल उजवीकडे वळली.

दुसरा साचा चांगला होता. वाळू कोरडी, कोर पक्का, कड स्वच्छ. त्यात मीठ नव्हतं, आणि त्याच्यामुळे कुणालाच काही होणार नव्हतं. गोजराला हे त्या छपराखालच्या कुणाहीपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

ती त्या साच्यावर चढली, दिनानाथकडे तोंड केलं, आणि उडी मारली.