वरवर तपासणी

स्त्रियांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर स्तनाच्या कॅन्सरवर वर्ग घ्यायला उभ्या राहिल्या की शिकाऊ नर्सेसची कुजबुज थांबायची. रबरी नमुन्यावर तीन बोटं गोल फिरवत त्या काखेपर्यंत जायच्या. "लाजायचं काय त्यात? आपलंच शरीर, आपलाच हात!" बावीस वर्षं त्या हे शिकवत होत्या. स्वतःवर एकदाही केलं नव्हतं. वेळ मिळत नाही, असं त्या मनाशी म्हणायच्या. खरं तर भीती वाटायची.

मागे फरशी पुसणाऱ्या मावशींनी मात्र सगळं कान देऊन ऐकलं. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख ठरवायची, हे त्यांनी पक्कं धरलं. दर एक तारखेला न्हाणीघराची कडी लावून त्या तपासायच्या. पाचव्या महिन्यात डाव्या बाजूला काहीतरी हाताला लागलं.

दुसऱ्या दिवशी चादरींच्या खोलीत त्यांनी सिस्टरना गाठलं.

"सिस्टर, जरा बघता का? वाटाण्याएवढं काहीतरी आहे."

डॉक्टरांच्या राउंडची वेळ झाली होती. सिस्टरनी गणवेशावरूनच हात फिरवला. काय लागायला हवं, तेच त्यांच्या बोटांना ठाऊक नव्हतं.

"काही नाही हो मावशी. चरबीची गाठ असेल. उगाच डोक्यात घेऊ नका."

"पण मागच्या महिन्यात नव्हती."

"मी सांगतेय ना!"

मावशींनी ते मानलं. मुलीनं डॉक्टरांना दाखवायचा हट्ट धरला, तर तिलाच दटावलं, "तुझ्यापेक्षा सिस्टरना जास्त कळतं." आठ महिन्यांनी कातडी आत ओढली गेली, काखेतही गाठी आल्या.

ऑपरेशननंतर मावशी त्याच वॉर्डात होत्या. दोन दिवस सिस्टर ड्रेसिंगला दुसरीलाच पाठवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी स्वतः गेल्या.

"मावशी, माझं चुकलं."

मावशी छताकडे बघत राहिल्या. "कपडे काढून बघायचं, हे तुम्हीच शिकवलं होतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतःचं बघता का हो कधी?"

"नाही."

"वाटलंच मला." त्यांनी मान फिरवली. "करा ड्रेसिंग. ओलं झालंय."

त्या संध्याकाळी सिस्टर पहिल्यांदा आरशासमोर उभ्या राहिल्या. सगळीकडेच गाठी लागत होत्या की कुठेच नव्हत्या, त्यांना सांगता येईना. शेवटी बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन, खाली मान घालून, त्या ते शिकून आल्या.

मावशी आणखी चौदा महिने जगल्या. त्या गेल्यावर सिस्टर त्यांच्या घरी गेल्या. मुलगी दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"आईला होतं, म्हणून तूही दर महिन्याला..." सिस्टर चाचरत म्हणाल्या. "हवं तर मी दाखवते कसं ते."

"आईनं शिकवलंय मला," मुलगी म्हणाली. "या तुम्ही आता."

आणि तिनं दार लावून घेतलं.